गणित समजतं, पण ते कशाविषयी आहे ते समजत नाही

वाचक लिहितात:

मी गणितात पदव्युत्तर शिक्षण घेतलं आहे आणि गणितच शिकवते. सध्या क्वांटम मेकॅनिक्स स्वतःच्या स्वतः वाचते आहे. हिल्बर्ट अवकाश, सेल्फ-ॲडजॉइंट ऑपरेटर, स्पेक्ट्रल प्रमेय यातलं काही मला नवीन नाही, उदाहरणंही सुटतात. पण पुस्तक म्हणतं, ‘ऑपरेटर म्हणजे भौतिक राशी’, आणि तिथे मी अडते. सदिशाला ऑपरेटर लावणं म्हणजे मोजणं का? सुपरपोझिशनमध्ये कण दोन्हीकडे असतो असं जिथे तिथे वाचते, पण बेसिस बदलला की ती बेरीजच उरत नाही. मग ‘दोन्हीकडे’ गेलं कुठे? अनिश्चिततेचं तत्त्व मला फूरिये रूपांतराचा गुणधर्म दिसतो, भौतिकीवाले मात्र मोजताना कणाला बसणाऱ्या धक्क्याबद्दल बोलतात. निरीक्षकाच्या जाणिवेमुळे सगळं ठरतं असं म्हणणारे वेगळेच. भौतिकी शिकवणाऱ्या एका सहकाऱ्यांना विचारलं तर ते म्हणाले, अर्थ विचारू नका, गणित करा. अर्थ विचारणं खरंच चुकीचं आहे का? आणि विचारायचाच तर कोणता अर्थ खरा मानू?

उत्तर:

नमस्कार.

अर्थ विचारणं चुकीचं नाही. तुमचे प्रश्न वाचताना मला जाणवलं ते असं की, तुम्हाला जे कळत नाही असं वाटतं त्यातलं बरंचसं क्वांटम मेकॅनिक्समधलं नाहीच. ते कुणाचं तरी त्याबद्दलचं मत आहे, आणि मत आहे हे न सांगता तुमच्यापर्यंत पोचलं आहे. या विषयात तीन जातींची विधानं एकाच सुरात सांगितली जातात. पहिली जात प्रमेयांची. दुसरी, गणिताला प्रयोगाशी जोडणाऱ्या नियमांची. ती प्रयोगशाळेत तपासता येतात. तिसरी, त्या नियमांच्या मागे जगात नक्की काय घडतं याबद्दलच्या मतांची. वाक्य वाचलं की ते यातलं कोणतं, हे आधी विचारा. तुमची गणिताची तयारी या कामी फार उपयोगी पडेल, कारण गृहीतक आणि निष्कर्ष वेगळे ठेवायची सवय तुम्हाला आहे.

पहिला प्रश्न ऑपरेटरचा. ऑपरेटर लावणं म्हणजे मोजणं नव्हे, आणि हा गैरसमज भौतिकीच्या विद्यार्थ्यांतही चांगलाच मुरलेला असतो. सर्वांत लहान उदाहरण घेऊ: स्पिन 1/2 (स्पिन ही कणाची अंगभूत राशी, ठरावीक दिशेने मोजली की इथे ‘वर’ किंवा ‘खाली’ अशी दोनच उत्तरं देणारी), म्हणजे दोन मितींचा संमिश्र सदिश अवकाश. झेड दिशेने ‘वर’ असलेल्या अवस्थेला सिग्मा-एक्स हा पाउली मॅट्रिक्स लावा. उत्तर येतं ‘खाली’. निव्वळ ‘खाली’. आता तीच राशी प्रयोगात मोजा. श्टर्न आणि गेर्लाख यांनी 1922 मध्ये चांदीच्या अणूंचा झोत असमान चुंबकीय क्षेत्रातून सोडला होता. तसाच प्रयोग, फक्त चुंबक एक्स दिशेला वळवलेला. निम्मे अणू एका बाजूला वळतात, निम्मे दुसऱ्या. एका बाजूच्या अणूंची अवस्था ‘वर अधिक खाली’, दुसऱ्या बाजूच्यांची ‘वर उणे खाली’, दोन्ही 2 च्या वर्गमुळाने भागलेल्या. ‘खाली’ ही अवस्था या मोजणीतून एकदाही बाहेर पडत नाही. ऑपरेटर लावून मिळालेला सदिश प्रयोगानंतर कुठेच सापडत नाही.

मग ऑपरेटर असतो कशासाठी? त्यात दोन गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात: मोजणीत कोणते आकडे येऊ शकतात, आणि प्रत्येक आकड्याशी कोणता उपअवकाश जोडलेला आहे. स्पेक्ट्रल प्रमेय एवढंच सांगतं, आणि ते पहिल्या जातीचं विधान आहे. दुसऱ्या जातीचा नियम त्यानंतर येतो: अवस्थेचा त्या उपअवकाशावर प्रक्षेप घ्या, प्रक्षेपाच्या लांबीचा वर्ग करा, ती तो आकडा येण्याची संभाव्यता. हा माक्स बॉर्न यांचा 1926 चा नियम. मूळ निबंधाच्या मजकुरात वर्गाचा उल्लेख नव्हता. वर्ग घ्यायला हवा ही दुरुस्ती छपाईच्या वेळी तळटीपेत आली. 1954 चं नोबेल पारितोषिक त्यांना मुख्यतः याच कामासाठी मिळालं. ‘ऑपरेटर म्हणजे भौतिक राशी’ या वाक्यात हे सगळं इतकं दाबून भरलेलं आहे की ते वाचून कुणीही अडेल.

इथे ग्लीसनचं 1957 चं प्रमेय जरूर पाहा. तीन किंवा अधिक मितींच्या हिल्बर्ट अवकाशात प्रत्येक उपअवकाशाला संभाव्यता द्यायची, आणि परस्परलंब उपअवकाशांच्या संभाव्यतांची बेरीज व्हावी, एवढीच अट. तेवढ्यावरून बॉर्नचा नियम निघतो, दुसरा पर्यायच उरत नाही (एकट्या अवस्थेऐवजी डेन्सिटी मॅट्रिक्स, म्हणजे अवस्थांचं संभाव्यतांनुसार केलेलं मिश्रण, घ्यावा लागतो, इतकंच). तुम्हाला ते आवडेल. वाचताना एका गृहीतकावर मात्र नजर ठेवा: एखाद्या उपअवकाशाची संभाव्यता, तो कोणत्या संपूर्ण मोजणीचा भाग म्हणून आला यावर अवलंबून नाही, असं त्यात धरलेलं आहे. हे गृहीतक पुढे पुन्हा भेटणार आहे.

सुपरपोझिशनबद्दलचा तुमचा आक्षेप अगदी बरोबर आहे. एखादी अवस्था सुपरपोझिशन आहे की नाही, हे बेसिस सांगितल्याशिवाय ठरत नाही. एक्स दिशेतली ‘वर’ अवस्था झेडच्या बेसिसमध्ये बेरीज आहे, स्वतःच्या बेसिसमध्ये एकटा सदिश. मग दोन फटींच्या प्रयोगात खास काय आहे? 1989 मध्ये अकिरा तोनोमुरा आणि सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन बायप्रिझम वापरून दोन फटींसारखीच मांडणी केली आणि इलेक्ट्रॉन जवळपास एकेक करून सोडले. प्रत्येक इलेक्ट्रॉन पडद्यावर एकच ठिपका उमटवतो. हजारो ठिपके जमल्यावर पट्टे दिसू लागतात. दोन वाटांच्या संमिश्र संख्यांची आधी बेरीज करून मग वर्ग घेतला तर हे पट्टे मिळतात. प्रत्येक वाटेचा वर्ग वेगळा घेऊन मग बेरीज केली तर मिळत नाहीत. इथपर्यंत सगळं तपासता येणारं आहे.

‘इलेक्ट्रॉन दोन्ही फटींतून गेला’ हे वाक्य तिसऱ्या जातीचं. ते गणितातून निघत नाही, आणि याला पुरावा म्हणून तुमच्या ओळखीचं हत्यार आहे: प्रतिउदाहरण. डेव्हिड बोम यांच्या 1952 च्या मांडणीत (तिचं मूळ रूप लुई द ब्रॉय यांनी 1927 मध्येच मांडलं होतं) प्रत्येक इलेक्ट्रॉनला सदैव एक निश्चित जागा असते. तो एकाच फटीतून जातो. लाट दोन्हींतून जाते आणि त्याला वाट दाखवते. पडद्यावर पट्टे तेच, आकडे तेच. ज्या प्रारूपात वाक्य खोटं आहे आणि तरी सगळी भाकितं जुळतात असं एक प्रारूप हाती असलं, की ते वाक्य भाकितांचा निष्कर्ष असूच शकत नाही. बोम बरोबर आहेत असा माझा दावा नाही. ‘दोन्हीकडे’ असं म्हणणाऱ्याने स्वतःची भर घातली आहे, एवढाच दावा आहे. तुम्हाला कुणी विद्यार्थ्याने विचारलं, तर ‘दोन्ही वाटांचं योगदान मोजल्याशिवाय उत्तर बरोबर येत नाही’ असं सांगा. हे खरं आहे आणि पुरेसं आहे.

अनिश्चिततेचं फार लांबवत नाही. केनर्ड यांनी 1927 मध्ये सिद्ध केलेली असमानता, म्हणजे स्थान आणि संवेग यांच्या प्रमाणित विचलनांचा गुणाकार एच-बारच्या (प्लांकचा स्थिरांक भागिले 2 पाय) निम्म्याहून कमी नसतो, ही तुम्ही म्हणता तशी फूरिये रूपांतराचीच गोष्ट आहे. भौतिकी तिच्यात शिरते ती संवेग आणि तरंगसंख्या यांना जोडणाऱ्या एच-बारमधून. ती सारख्या तयार केलेल्या अनेक कणांविषयी बोलते: निम्म्यांचं स्थान मोजा, उरलेल्यांचा संवेग मोजा. एकाच कणावर दोन्ही मोजायचा त्यात प्रश्नच नाही, त्यामुळे धक्का बसण्याचाही नाही. धक्क्याची गोष्ट त्याच वर्षी हायझेनबर्ग यांनी गॅमा किरणांच्या सूक्ष्मदर्शकाच्या उदाहरणातून सांगितली, आणि ती वेगळं विधान आहे. मोजणीतली चूक आणि त्यामुळे झालेला व्यत्यय यांचा गुणाकार, ठरावीक व्याख्या घेतल्या तर, त्या मर्यादेखाली जाऊ शकतो हे मासानाओ ओझावा यांनी 2003 मध्ये दाखवलं. बुश, लाहती आणि वेर्नर यांनी 2013 मध्ये वेगळ्या व्याख्या घेऊन तशीच मर्यादा सिद्ध केली. दोन्ही प्रमेयं आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत. व्यत्यय कशाला म्हणायचं, यात फरक आहे.

जाणिवेबद्दल मला ठामपणे बोलायचं आहे, कारण हा दावा लोकांना खरोखर वाट चुकवतो. 2004 मध्ये व्हिएन्नामधल्या गटाने 70 कार्बन अणूंच्या फुलरीन रेणूंवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. हे रेणू व्यतिकरणाचे पट्टे देतात. त्यांना लेझरने आधी तापवून सोडलं, की ते वाटेत उष्णतेचे फोटॉन बाहेर टाकतात. जसजसं तापमान वाढवलं तसतसे पट्टे पुसट होत गेले, आणि किती पुसट होतील याचं गणित आधीच करता येत होतं. ते फोटॉन कुणी पाहिले नव्हते, पकडले नव्हते. रेणू कुठे होता याची खूण परिसरात उमटली एवढं पुरलं. याला डिकोहेरन्स म्हणतात. त्सेह यांनी 1970 पासून आणि झुरेक यांनी 1980 च्या दशकात त्याचा पाया घातला. ‘निरीक्षक’ या शब्दाच्या जागी बहुतेक ठिकाणी हवेचा एखादा रेणू बसवून वाक्य पुन्हा वाचून बघा.

डिकोहेरन्सने सगळं सुटलं असंही समजू नका. परिसराचे घटक गणितातून वगळले की डेन्सिटी मॅट्रिक्सचे कर्णाबाहेरचे घटक जवळपास शून्य होतात, आणि कर्णावर संभाव्यता उरतात. पण कर्णावर दोन्ही शक्यता अजून उभ्याच असतात. त्यातली एकच प्रत्यक्षात का आली, हे त्या मॅट्रिक्समध्ये लिहिलेलं नाही.

आता तुमच्या सहकाऱ्यांचा सल्ला. गणित आधी करा, असं ते म्हणाले असते तर मी दुजोरा दिला असता. अर्थ विचारूच नका हे मात्र मला मान्य नाही, आणि याचं कारण या विषयाच्या इतिहासात आहे.

1932 मध्ये जॉन फॉन नॉयमन यांनी क्वांटम मेकॅनिक्स तुम्हाला परिचित असलेल्या हिल्बर्ट अवकाशाच्या भाषेत उभं केलं. त्याच ग्रंथात त्यांनी एक सिद्धता दिली: अवस्थेच्या मागे काही लपलेली मूल्यं आहेत, ती कळली तर प्रत्येक मोजणीचा निकाल निश्चित सांगता येईल, असं असणं शक्य नाही. सिद्धतेच्या पायऱ्या बिनचूक. पण तिच्यात धरलं होतं की दोन राशींच्या बेरजेचं सरासरी मूल्य हे त्यांच्या सरासरींची बेरीज असतं, आणि हे लपलेल्या मूल्यांनी ठरलेल्या अवस्थांनाही लागू आहे. हे गृहीतक तपासायला एक ओळ पुरते. सिग्मा-एक्स मोजा, उत्तर अधिक 1 किंवा उणे 1. सिग्मा-वाय मोजा, तेच. दोघांची बेरीज केली तर 2, 0 किंवा उणे 2 यांपैकी काहीतरी यायला हवं. पण सिग्मा-एक्स अधिक सिग्मा-वाय या ऑपरेटरची आयगेन मूल्यं आहेत अधिक-उणे 2 चं वर्गमूळ. यात विरोधाभास काही नाही. ती बेरीज मोजायची तर चुंबक दोन्ही दिशांच्या मध्ये 45 अंशांत ठेवावा लागतो. तो तिसराच प्रयोग आहे, पहिल्या दोन उत्तरांची बेरीज नव्हे.

एमी नोएथर यांच्या विद्यार्थिनी ग्रेटे हेरमान यांनी 1935 मध्येच ही फट दाखवली होती. फारसं कुणी लक्ष दिलं नाही. 1952 मध्ये बोम यांनी, प्रमेयाप्रमाणे जे अशक्य होतं, ते प्रारूप लिहून दाखवलं. त्यावरूनच जॉन बेल यांनी ‘हे अशक्य आहे असं सिद्ध झालं होतं ना?’ हा प्रश्न धरून ठेवला आणि 1966 मध्ये उशिरा छापून आलेल्या निबंधात गृहीतकाची चिरफाड केली. बेल सर्न या जिनिव्हाजवळच्या युरोपीय संशोधन संस्थेत कणभौतिकी आणि त्वरकांवर काम करायचे; पायाभूत प्रश्न हा त्यांचा बाजूचा उद्योग होता. पण त्यातूनच 1964 चं प्रमेय आलं.

ते प्रमेय इथेच करून पाहू. फोटॉनच्या जोड्या अशा तयार करता येतात की दोन्ही ठिकाणचे ध्रुवक (प्रकाशाला त्याच्या कंपनाच्या दिशेनुसार आरपार सोडणाऱ्या किंवा अडवणाऱ्या चकत्या) एकाच कोनात ठेवले तर दोन्ही फोटॉनचं उत्तर नेहमी सारखं येतं: दोन्ही आरपार, किंवा दोन्ही अडले. ध्रुवकाला तीनच कोन ठेवू: 0, 60 आणि 120 अंश. समजा, प्रत्येक फोटॉन निघतानाच तिन्ही कोनांची उत्तरं सोबत घेऊन निघतो, आणि एका टोकाचा ध्रुवक कसा ठेवला याचा दुसऱ्या टोकावर परिणाम होत नाही. उत्तरं तीन, प्रकार दोनच. म्हणजे तीनपैकी निदान दोन उत्तरं सारखी असणारच. म्हणून दोन टोकांना वेगवेगळे कोन यदृच्छेने निवडले, तर उत्तरं जुळण्याचं प्रमाण 1/3 पेक्षा कमी होऊ शकत नाही. क्वांटम मेकॅनिक्सचं भाकीत: कोनांतल्या फरकाच्या कोसाइनचा वर्ग, म्हणजे 60 अंशांसाठी 1/4.

प्रयोगशाळेत अशी शंभर टक्के जुळणी मिळत नाही, म्हणून प्रत्यक्षात क्लॉझर, हॉर्न, शिमोनी आणि होल्ट यांचं 1969 चं रूप वापरतात. तिथे कोनांच्या चार जोड्यांतल्या जुळणीवरून एक आकडा काढतात. उत्तरं आधीच ठरलेली असतील तर त्याची मर्यादा 2 ची आणि क्वांटम भाकीत 2 गुणिले 2 चं वर्गमूळ, म्हणजे साधारण 2.83 पर्यंत जातं. फ्रीडमन आणि क्लॉझर यांनी 1972 मध्ये, आस्पे यांच्या गटाने 1982 मध्ये आणि 2015 मध्ये डेल्फ्ट, व्हिएन्ना आणि अमेरिकेतल्या बोल्डर इथल्या गटांनी मुख्य पळवाटा बंद करून हे तपासलं. मर्यादा मोडते. आस्पे, क्लॉझर आणि त्साइलिंगर यांना 2022 चं नोबेल मिळालं.

तीस वर्षं जे निव्वळ मत समजलं जात होतं, म्हणजे कण उत्तरं सोबत बाळगतात की नाही, त्याचा मोठा भाग तिसऱ्या जातीतून उठून दुसऱ्या जातीत आला. एकर्ट यांनी 1991 मध्ये त्यावर गुप्तसंदेशांची पद्धतही बांधली. कुणीतरी अर्थ विचारला म्हणून हे घडलं.

राहिला शेवटचा प्रश्न, कोणता अर्थ मानायचा. पेच असा आहे. श्रोडिंगरच्या समीकरणानुसार अवस्था रेषीय आणि सलग बदलते. मोजणीनंतर मात्र आपण प्रक्षेप घेतो, आणि तो बदल तसा नसतो. पहिला नियम कुठे थांबतो आणि दुसरा कुठे सुरू होतो, हे सिद्धांत सांगत नाही. बोम कणांच्या जागा जोडतात आणि त्यासाठी दूरवरचा तात्काळ परिणाम पत्करतात. ह्यू एव्हरेट यांनी 1957 मध्ये प्रक्षेप काढूनच टाकला. सगळ्या शाखा खऱ्या, आणि मग सगळंच घडत असेल तर संभाव्यता कशाची, हे समजावायची जबाबदारी त्यांच्यावर येते. ती नीट पार पडली आहे असं मला अजून वाटत नाही. गिरार्दी, रिमिनी आणि वेबर यांनी 1986 मध्ये समीकरणच किंचित बदललं, जेणेकरून मोठ्या वस्तू आपोआप एका जागी येतील. नील्स बोर यांच्या वाटेने जाणारे म्हणतात की अवस्था हे जगाचं चित्र नाहीच. मग ती कशाबद्दलची माहिती, या प्रश्नाला त्यांच्यात एकमत नाही.

तुम्ही आत्ता कुठलाच मानू नका. पण सगळे सारखेच असंही धरू नका. गिरार्दींच्या घराण्यातली प्रारूपं वेगळी भाकितं करतात, म्हणून ती खोटी ठरू शकतात. 2020 मध्ये इटलीतल्या ग्रान सास्सो इथल्या भूमिगत प्रयोगाने त्यांच्याच जवळच्या, गुरुत्वाकर्षणावर बेतलेल्या एका प्रारूपाचं सर्वांत साधं रूप बाद केलं. एखादी कल्पना बाद होऊ शकते, हा मला तिचा मोठा गुण वाटतो.

पुढे काय करावं? एक गणित देतो. दोन स्पिनसाठी नऊ ऑपरेटर 3 गुणिले 3 च्या चौकटीत लिहा. प्रत्येक खाण्यातलं पहिलं अक्षर पहिल्या स्पिनवरचा पाउली मॅट्रिक्स, दुसरं अक्षर दुसऱ्यावरचा. पहिली ओळ: एक्स-एकक, एकक-एक्स, एक्स-एक्स. दुसरी: एकक-वाय, वाय-एकक, वाय-वाय. तिसरी: एक्स-वाय, वाय-एक्स, झेड-झेड. प्रत्येक ओळीतले आणि प्रत्येक स्तंभातले तीन ऑपरेटर आपापसात क्रमनिरपेक्ष आहेत, हे तपासा. तिन्ही ओळींचे गुणाकार अधिक एकक येतील, पहिल्या दोन स्तंभांचेही. तिसऱ्या स्तंभाचा उणे एकक येईल. आता नऊ खाण्यांत अधिक 1 किंवा उणे 1 असे आकडे भरून तेच सहा गुणाकार जुळवायचा प्रयत्न करा. जुळणार नाहीत: ओळींनी गुणलं तर सर्व आकड्यांचा गुणाकार अधिक 1, स्तंभांनी गुणलं तर उणे 1. ही मर्मिन आणि पेरेस यांची 1990 ची चौकट, आणि सोबत काय मोजलं यावर अवलंबून नसलेली मूल्यं सगळ्या राशींना आधीच देता येत नाहीत, या कोखेन-श्पेकर यांच्या 1967 च्या निष्कर्षापर्यंत (चार मितींत) पोचायचा सर्वांत छोटा रस्ता.

ती भरून झाली की ग्लीसनच्या प्रमेयात ज्यावर नजर ठेवायला सांगितलं ते गृहीतक पुन्हा काढा, आणि बोम यांच्या मांडणीत झेड-झेडचं उत्तर तिसऱ्या ओळीबरोबर मोजल्यावर एक आणि तिसऱ्या स्तंभाबरोबर मोजल्यावर दुसरं कसं येऊ शकतं, ते शोधा.